तेलाचा दुसरा हात

"पूस. तिनं जिथं जिथं अंग लावलंय, तिथं तिथं पूस."

व्यायामशाळेचे सेक्रेटरी साहेब म्हणाले. बूट घालून गादीवर उभे होते. बूट घालून गादीवर कुणी यायचं नाही, ही पाटी त्यांनीच भिंतीवर लावलेली.

सकाळचे पावणेसहा झाले असतील. सहाच्या बॅचची पोरं लवकर आलेली, सोबत त्यांच्या आया. मल्लखांबाला टेकून माझी नात उभी. आठ वर्षांची. अंगात शाळेचा विटलेला फ्रॉक, आत आजीनं शिवलेली चड्डी, तळहाताला राळ. तिला खांबावरून उतरवलं होतं. उतरवलं म्हणजे पाय धरून ओढलं होतं. साहेबांनी नाही ओढलं. मी ओढलं. साहेबांची गाडी गेटात दिसली आणि मी पोरीचा पाय धरून खाली खेचला. तिचं ढोपर सोललं.

एका बाईनं ओढणी नाकाला लावली. "अहो, आमच्या मुलांच्या स्किनला काही झालं तर? कुठून कुठून येतात ही मुलं."

कुठून कुठून. ती मागच्या खोलीतून आली होती. वीस पावलं.

"मामा, फिनेल आणा. बघताय काय?"

मी बादली आणली. मल्लखांबाला पाणी लावत नाहीत. सागाचं लाकूड, त्याला फक्त एरंडेल. पाणी लागलं की लाकूड उकलतं, कुसळं निघतात, पोरांच्या मांड्यांत घुसतात. साहेबांना हे ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. तेव्हा एकोणीस वर्षं त्या खांबाला तेल लावत आलेलो मी. एवढंच म्हणायचं होतं, साहेब, याला पाणी चालत नाही. एवढंही तोंडातून निघालं नाही. फडकं पिळलं आणि पुसायला लागलो. वरच्या बोंडापासून खाली बुंध्यापर्यंत.

नात म्हणाली, "आबा, तिथं मी हात नाय लावला. तिथं नका पुसू."

पोरांतलं कुणीतरी हसलं.

मी तिथंही पुसलं.

बॅच संपल्यावर दुपारभर मी त्या खांबाला तेल चोळत बसलो. लाकडाची माफी मागत होतो म्हणा. पोरीची नाही मागितली. तेव्हा ते सुचलंच नाही.

मी चौथी शिकलेला माणूस. माझं काम काय होतं ते सांगतो. पहाटे साडेचारला हॉल उघडायचा, गाद्या अंथरायच्या, मल्लखांबाला तेल, दोऱ्या तपासायच्या, राळेचा डबा भरायचा. संध्याकाळी उलटं. माझी बायको झाडलोट करायची, संडास धुवायची. तिच्या कामाला नाव नव्हतं. मामांची मिसेस आहेच की, असं म्हणून ते काम आपोआप झालेलं असायचं. कामाच्या बदल्यात हॉलच्या मागं पत्र्याची खोली. मुलगा पिंपळगाव बसवंतला पॅकहाउसच्या टेंपोवर ड्रायव्हर, सून तिथंच द्राक्षं निवडायला. हंगामात टेंपोतच झोपतात. पोरगी पाळण्यात असल्यापासून आमच्याकडं, शाळाही इथंच नाशकात.

तर नोकरी आणि खोली एकाच दोरीला बांधलेली. एक सुटली की दुसरी सुटली. ही दोरी माझ्या गळ्यात बावीस वर्षं होती. लोक म्हणतात भीती काळजात असते. माझी पोटात होती. साहेबांच्या गाडीचा हॉर्न वाजला की मला परसाकडला लागायचं. हसण्यासारखं आहे, हसा. फोनवर त्यांचं नाव आलं की मी उभा राहायचो. बायको म्हणायची, "बसा खाली, फोनातून दिसत नाय त्यांना."

जात कुणी विचारली नाही कधी. विचारायची गरज नव्हती, आडनाव हजेरीच्या वहीत होतं. दसऱ्याला मल्लखांबाची पूजा व्हायची. आदल्या दिवशी मी तो आरशासारखा करायचो. पूजेच्या वेळी साहेब म्हणायचे, "मामा, जरा बाहेर चपलांकडे बघा." दरवर्षी. बावीस वर्षांत एकही चप्पल चोरीला गेली नाही. नंतर खांबाला पहिला हात मीच लावायचो, कारण हळद-कुंकू पुसून परत तेल कोण देणार.

त्या फिनेलच्या दिवशी दुपारी बायको खोलीत भाकरी थापत होती. माझ्याकडं बघितलं नाही. म्हणाली, "पुसताना हात कसा नाय लुळा पडला तुमचा?"

"खोली जाईल," मी म्हणालो.

"खोली जाईल, खोली जाईल. कवाधरनं ऐकतेय. खोली ऱ्हायली, पण त्या खोलीत तुम्ही कुठं हाय?"

मला वाटलं पोरीचं खूळ सुटलं. बरं झालं, असंही वाटलं. खोटं कशाला बोलू. पण दुसऱ्या दिवशी पहाटे बायकोनंच पोरीला उठवलं. म्हणाली, "तू चढ. मी गेटवर झाडू मारते. गाडी वळली की खोकते. खोकले की उतरायचं."

असं तीन वर्षं चाललं. साडेचार ते साडेपाच. मी गाद्या घालायचो, पोरगी खांबावर, बायको गेटवर. पोरीला शिकवणारं कुणी नव्हतं. बॅचच्या वेळी खिडकीबाहेर उभं राहून बघायची आणि पहाटे ते करायची. वस्तीतली आणखी पोरंही यायची त्या खिडकीशी. नासर्डी नदीच्या पलीकडची, कुणाची आई धुणीभांडी, कुणाचा बाप द्वारका चौकात हमाल. गज धरून उभी राहायची. साहेबांनी खिडकीच्या काचांना हिरवा कागद लावून घेतला. लावला मीच.

साहेब वाईट बोलायचे नाहीत, हे लक्षात घ्या. मिटिंगमध्ये म्हणायचे, खेळ सगळ्यांसाठी आहे. मग फॉर्म पुढं करायचे. फॉर्म इंग्रजीत. फी आहे, ड्रेस आहे, आईबापाची सही आहे, रोज सोडायला-न्यायला मोठं माणूस पाहिजे अशी अट आहे. ज्या बाईला सहा वाजता दुसऱ्याच्या घरी पोळ्या लाटायच्या आहेत तिनं पोराला सोडायला कधी यायचं? कुणी फी माफ मागितली तर म्हणायचे, "फुकट दिलं की किंमत राहत नाही." त्यांच्या स्वतःच्या पुतणीला कुणी कधी फी विचारली नाही. तिला मात्र किंमत बरोबर कळत होती म्हणे.

एका सव्वीस जानेवारीला वस्तीतल्या चाळीस पोरांना आत बोलावलं. पांढरे टी-शर्ट दिले, पाहुणे आले, फोटो निघाले, पोरांना केळं मिळालं. पाहुणे गेल्यावर टी-शर्ट काढून घेतले. पोरं उघडी बाहेर पडली. थंडी होती. माझ्या बायकोनं ते चाळीस टी-शर्ट धुतले, वाळवले, घड्या घातल्या. घड्या घालताना एकेक झटकत होती, जोरात. नुसता झटकल्याचा आवाज.

मग बॅचला शिकवायला नवे सर आले. तरुण, ओझरकडचे, बाप कारखान्यात. सर गाडीवरून येत नव्हते, थांब्यावरून चालत यायचे, त्यामुळं बायकोचा खोकला हुकला. पोरगी वर उलटी लटकलेली आणि सर दारात. हात जोडून मी पुढं झालो, "सर, चुकलं, लहान हाय, परत नाय—"

सर माझ्याकडं बघतही नव्हते. म्हणाले, "पायांची अढी सैल आहे. मांडी आवळ. हां. आता हात सोड."

तिनं हात सोडले.

त्या दिवसापासून सर अर्धा तास लवकर यायला लागले. पगार नाही, काही नाही. तेही साहेबांना भ्यायचे. हॉर्न वाजला की सर पंख्याची धूळ बघायला लागायचे. दोन भित्री माणसं आणि एक पोरगी. आणि गेटवर एक बाई, जी भीत नव्हती.

पुढं त्या बाईला खरा खोकला लागला.

आधी आम्हाला कळलंच नाही. ती गेटवर खोकायची आणि पोरगी झपकन खाली उतरायची. बाहेर बघावं तर रस्ता मोकळा. "आजी, गाडी कुठंय?" बायको हातानं खूण करायची, चढ चढ. परत खोकायची. परत पोरगी खाली. मग बायकोनं तोंडात पदर कोंबून झाडू मारायला सुरुवात केली. छातीत पाणी झालं होतं. सरकारी दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरीणबाई मला म्हणाली, "इतके दिवस काय करत होतात?" काय सांगू? पोरीची प्रॅक्टिस बुडू नये म्हणून ती खोकला गिळत होती, हे सांगू? आणि मी? मी सुट्टी मागायला भीत होतो.

अठरा दिवसांत गेली. पौष महिना होता. जायच्या आदल्या दिवशी मला म्हणाली, "तिला उतरवू नका." एवढंच. पुढं मला म्हणून काही बोलली नाही. एवढी वर्षं संसार केला, मला वाटलं होतं माझ्यासाठी काहीतरी म्हणेल. आता वाटतं, माझ्यासाठीच म्हणाली.

ती गेल्यावर खोलीत दोघंच. मी आणि पोरगी. पोरगी अकरा वर्षांची झालेली. महापालिकेच्या शाळेतल्या बाईंनी तिचं नाव जिल्ह्याच्या निवड चाचणीला पाठवलं. फॉर्म बाईंनीच भरला, शिक्का मारला. व्यायामशाळेचा काही संबंध नाही. फक्त चाचणी आमच्याच हॉलमध्ये होती. आमच्याच मल्लखांबावर. तेल लावायला मी.

यादी साहेबांच्या हातात गेली आणि आदल्या दिवशी दुपारी साहेब आमच्या खोलीत आले. बावीस वर्षांत पहिल्यांदा. दारात वाकून आत आले, बायकोच्या फोटोला नमस्कार केला, माझ्या खाटेवर बसले. बायको जाऊन दोन महिने झाले होते.

"फार वाईट झालं, मामा. कळवायचं तरी."

कळवलं होतं.

"खोलीची काळजी करू नका. मिसेस नाहीत तरी खोली तुमचीच. कमिटीत काही लोक म्हणतायत की एकट्या माणसाला कशाला. मी आहे तोवर कुणी हात लावणार नाही."

शिवी दिली असती तर कळलं असतं काय करायचं. मान खाली घातली असती, सवय होती. गोड बोलले तिथं मी मेलो.

"नात काय म्हणते? उद्या आहे ना तिची? लहान आहे अजून. पुढच्या वर्षी बघू की. उद्या ताप आला म्हणून सांगा. एका जागेसाठी पोरापोरींत ईर्ष्या नको."

जागा त्यांच्या पुतणीची. हे त्यांनी सांगितलं नाही, मला ठाऊक होतं. पुतणी बिचारी चांगली पोरगी. तिचा काही दोष नाही. पण आमच्या पोरीपुढं ती टिकत नव्हती, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

"ऐकत नाय ती, साहेब," मी म्हणालो. माझाच आवाज मला कुत्र्याच्या पिल्लासारखा वाटला.

साहेब उठले. दारात थांबले. "बघा बुवा. मी काही सांगत नाही. खांब तुमच्याच हातात असतो. तुम्ही समजूतदार आहात."

गेले.

मी खाटेकडं बघितलं. ते बसले होते तिथं गोधडीला खळगा पडला होता. गोधडी बायकोनं शिवलेली. मी तो खळगा हातानं सारखा करत राहिलो. मला कळलं होतं ते काय म्हणाले. न कळल्यासारखं करत होतो.

सकाळी पोरीला म्हणालो, "तुला ताप आल्यासारखं वाटतंय."

तिनं माझ्या कपाळाला हात लावला. "मला नाय आबा. तुम्हालाच आलाय." आणि वेणी घालून द्या म्हणाली. आजी गेल्यापासून वेणी मी घालायचो, वाकडी यायची. त्या दिवशी तिनं फणी माझ्या हातातून घेतली आणि स्वतःच घातली.

हॉल भरला होता. बाहेरच्या गावांतून पोरं आलेली, बॅगा, डबे, आईबाप, मोबाइल. टेबलामागं तीन पंच, परजिल्ह्यातले. शेजारी साहेब. आमचे सर यादी घेऊन कडेला. दोन-तीन पोरांनंतर एक पंच खूण करायचा, की मी जायचो, फडक्यानं पुसायचो, तेलाचा एक हात द्यायचो. एक हात म्हणजे तळहातावर रुपयाएवढं एरंडेल, ते बोंडापासून खाली ओढत न्यायचं. तेवढं पुरतं. तेवढ्यात अंग सरकतं आणि पकडही राहते. कमी झालं तर कातडी भाजते. जास्त झालं तर पोर हातातून साबणासारखं निसटतं. आठ-साडेआठ फुटांवरून. उलटं.

हे जोखायला काटा नसतो. माझा हात हाच काटा.

पुतणीच्या वेळी एक हात दिला. चांगलं केलं तिनं. टाळ्या पडल्या. मग पंचानं खूण केली. पुढचं नाव आमच्या पोरीचं.

मी उठलो. खांबाशी गेलो, पुसला. एक हात दिला. मागं वळायला हवं होतं. साहेबांकडं बघितलं. ते बघत नव्हते, पेन फिरवत होते. मी परत वाटीत हात बुडवला. स्टुलावर चढलो आणि बोंडाला, बोंडाखाली मानेला, दुसरा हात दिला. जिथं ती हात टेकून उलटी होते, बरोबर तिथं. मनात म्हणत होतो, गादी आहे खाली. जाड आहे. मीच घातलीय. मुका मार लागेल फार तर. एक वर्ष जाईल. खोली राहील. मनात इतकं बोलत होतो की उतरताना स्टुलाची पायरी चुकली.

पोरगी आली. तळहाताला राळ चोळली. मग खांबाला हात लावून तो कपाळाला न्यायचा असतो, वंदन करायचं असतं, ते तिनं केलं. उडी मारून तिनं नेहमीसारखा मानेपाशी हात टेकवला. हात घसरला. तिनं तळहात बघितला. चमकत होता.

ती पाळण्यात होती तेव्हापासून माझ्याबरोबर त्या हॉलमध्ये आहे. चार वर्षांची असताना वाटी धरून उभी राहायची. तेल किती असतं हे तिला माझ्याइतकंच कळतं.

तिनं माझ्याकडं बघितलं.

रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर मी कदाचित खाली बघितलं असतं आणि होऊ दिलं असतं. तिला सगळं कळलं होतं, काल दुपारी कोण आलं होतं तेही. तिनं नुसती मान हलवली. बरं, अशी. आणि परत राळ घेतली, दोन्ही हातांना, मांड्यांना. ती चढणार होती. माझी खोली जाऊ नये म्हणून अकरा वर्षांची पोर त्या तेलावर चढणार होती. माझ्या डोळ्यांतली भीती तिनं वाचली आणि आपल्या अंगावर घ्यायला निघाली.

भीतीची पण एक हद्द असते का, मला माहीत नाही. माझी संपली नाही. उलट तेवढी भीती मला जन्मात वाटली नव्हती. पण ती बदलली. आतापर्यंत साहेबांची भीती होती. त्या क्षणाला मला माझी भीती वाटली. या म्हाताऱ्याची. हा काय करू शकतो याची.

"थांब!"

मला वाटलं दुसरंच कुणी ओरडलं.

मी फडकं घेऊन स्टुलावर चढलो. पंच उभे राहिले. "काय झालं, मामा?"

"तेल जास्त झालं."

"कसं काय?"

चुकून. हा शब्द जिभेवर आलेला. म्हातारा माणूस, चुकून झालं, सगळ्यांनी मान्य केलं असतं. साहेबांनी पेन थांबवलं होतं. तेही त्याच शब्दाची वाट बघत होते. मी तो शब्द म्हटला असता तर खोली राहिली असती, पोरगीही नीट चढली असती. सगळं बसलं असतं. आणि पुढच्या वेळी परत तेच.

"मुद्दाम लावलं," मी म्हणालो. "मी लावलं. पडावी म्हणून. माझी नात हाय ती."

आयाबाया काहीतरी बोलायला लागल्या. पंच म्हणाला, "अहो, काय बोलताय तुम्ही?"

"काल हे साहेब माझ्या खोलीत आले. म्हणाले पोरीला ताप आला सांग. नाय जमलं तर खांब तुझ्या हातात हाय. मी घाबरलो. मी लावलं."

साहेब हसले. शांतपणे पंचांना म्हणाले, "दोन महिन्यांपूर्वी त्यांची मिसेस गेली. तेव्हापासून डोक्यावर परिणाम झालाय बिचाऱ्यांच्या. आपण समजून घ्यायला पाहिजे."

"बायको गेली, साहेब," मी म्हणालो. "डोकं नाय गेलं. डोकं आज आलं."

धोतराचा काचा सुटतो की काय वाटत होतं. मी सरांकडं बघितलं. सर यादीकडं बघत होते. बघतच राहिले. त्यांची नोकरी नवी. मी त्यांना बोल लावत नाही. बावीस वर्षं मीही अशाच याद्यांकडं बघितलं.

मी खांब कोरडा केला. एक हात दिला. एक. पंचाला म्हणालो, "तुम्ही हात लावून बघा." त्यानं लावून बघितला आणि मान डोलावली.

ती चढली. कशी चढली ते मी सांगू शकत नाही, मी बघितलंच नाही. मी भिंतीकडं तोंड करून उभा होतो. टाळ्या ऐकल्या. मग गादीवर दोन पावलं एकदम पडल्याचा आवाज. नीट उतरली एवढं कळलं.

तिचं नाव राखीव खेळाडूंत लागलं. राखीव म्हणजे कुणी आजारी पडलं तर. पुतणी निवडली गेली. कुणी आजारी पडलं नाही.

आठ दिवसांनी खोलीचं पाणी तोडलं. पंधराव्या दिवशी मला कामावर येऊ नका म्हणून कागद दिला. कारण लिहिलं होतं, वय झालं. मुलगा टेंपो घेऊन आला, सामान भरलं. वीस मिनिटं लागली. सगळा वेळ तो मला म्हणत होता, "काय गरज होती, बाबा? काय गरज होती?" आता वस्तीत एका भाड्याच्या खोलीत आहोत. रात्री झोप लागत नाही. पुढच्या महिन्याचं काय, पोरीच्या शाळेचं काय. साहेबांची गाडी वस्तीच्या तोंडावरून गेली तरी माझं पोट अजून तसंच कळ मारतं. कुणी सांगत असेल की एकदा बोललं की भीती जाते, तर तो खोटं सांगतोय.

पोरगी चार दिवस माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी ताटावर बसून म्हणाली, "आबा, तुम्ही थांब म्हटलं नसतं तर?"

"तर तू पडली असतीस."

"ते माहितेय. तुम्ही काय केलं असतं?"

तिनं मला माफ केलेलं नाही. करूही नये. फिनेलची बादली, पाय धरून ओढणं, हिरवा कागद, दुसरा हात, सगळं माझ्या हातांनी झालंय. ज्यांना करून घ्यायचं होतं त्यांचे हात स्वच्छ आहेत. माझ्यासारखी भित्री माणसं होती म्हणून त्यांना कधी हात मळवावा लागला नाही. हे मला सदुसष्टाव्या वर्षी कळलं. उशीर झाला. ज्या बाईला आधीच कळलं होतं ती आता नाही.

गेल्या आठवड्यात शाळेतल्या बाईंना घेऊन महापालिकेत गेलो. माझी हिंमत नव्हती, त्यांनीच नेलं. जुनी फाइल निघाली. व्यायामशाळेची जागा महापालिकेची आहे. जागा देताना अट घातलेली, परिसरातल्या गरीब मुलांना सकाळी एक तास विनाशुल्क सराव. बाईंनी मला मोठ्यानं वाचून दाखवलं, दोनदा. मी ती अट बोटानं ओळ धरून स्वतः वाचली. बावीस वर्षं मी ज्या गेटाचं कुलूप उघडत होतो, ते या पोरांसाठी उघडायला मला कुणाची परवानगी लागत नव्हती. किल्ली माझ्या कमरेला होती.

आता किल्ली नाही. कागद आहे. झेरॉक्स आहे. वस्तीत घरोघर जाऊन वाचून दाखवला. काही जण म्हणाले, मामा, नको त्या भानगडी. मी त्यांना ओळखतो, तो मीच आहे. अकरा जणांनी पोरं पाठवतो म्हटलं. पोरांना सोडायला मोठं माणूस पाहिजे ना? मी आहे. अकराही पोरांचं मोठं माणूस मी.

सोमवारी सकाळी सहाला आम्ही गेटवर येणार. अर्ज घेऊन नाही. अर्ज मी जन्मभर केले. पोरगी पुढं असेल, मी सगळ्यांच्या मागं. मी थरथरत असेन, ते बघून कुणाला हसायचं असेल त्यानं हसावं. हात जोडणार नाही. साहेब गोड बोलले तर ऐकणार नाही. पोलीस बोलावले तर कागद दाखवू. गेट उघडलं तर आत जाऊ, नाही उघडलं तर बाहेर रस्त्यावर पोरं जोर-बैठका काढतील, एक तास, रहदारी बघेल.

मंगळवारी परत येऊ. बुधवारी परत. मला आता दुसरं काम नाही.